वडिलांची बंदूक आता कोणाची?

प्रश्न : वडील नुकतेच वारले. त्यांची परवान्याची बारा बोअर बंदूक कपाटात आहे. आम्ही शेतातल्या वस्तीवर राहतो, चोरांची भीती असते. ती संरक्षणासाठी ठेवता येईल का?

उत्तर : आज पोलीस ठाण्याला फोन करून कळवा आणि बंदूक जमा करा, हे पुढे ढकलू नका. परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराचा नव्हे. विनापरवाना शस्त्र बाळगणे हा गुन्हा आहे, मग ते वडिलांचे का असेना. जमा केल्याची पावती घ्या. मग वारस म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे (आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांकडे) स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. पोलीस चौकशी होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना ५ वर्षांचा असतो.

पण अर्ज करण्याआधी घरच्यांशी बोला. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, मात्र गरजेपुरताच; पळणाऱ्या चोरावर गोळी झाडली तर तुम्हीच आरोपी व्हाल. नियमाप्रमाणे कुलपात ठेवलेली बंदूक मध्यरात्री झोपेतून उठून हाती येणे कठीण, आणि उशाशी भरून ठेवली तर लहान मुलांच्या हाती लागणे सोपे. घरात कोणी दारू पिणारे किंवा निराशेने ग्रासलेले असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे : ठेवूच नका. अंगणात प्रखर दिवा, भक्कम दार, राखणीचा कुत्रा, शेजारच्या वस्तीशी ठरलेली हाक आणि ११२ क्रमांक यांवर आधी खर्च आणि वेळ घाला.