पहिली फिल्म जपून ठेव

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकला आणि कळलं, त्या एका शब्दाने तुझी झोप उडवलीय. कॅव्हिटी. सहा वर्षांपूर्वी मीही तो असाच ऐकला होता, आणि रात्रभर भिंतीकडे बघत पडले होते.

कॅव्हिटी म्हणजे फुप्फुसातली पोकळी. टीबीने तेवढा भाग आतून पोखरला, तो खोकल्यावाटे निघून गेला आणि जागा रिकामी राहिली. तिच्या भिंतीत जंतूंची दाटी असते, पण रक्तवाहिन्या तिथवर धड पोचत नाहीत. औषध रक्तातूनच जातं ना? म्हणून तिथे ते कमी पडतं. तुझ्या हातून काही हयगय झाली, असं छातीच्या त्या एक्स-रे फिल्मवर कुठेही लिहिलेलं नाही, बरं का.

आता हे मात्र नीट ऐक. नुसत्या पोकळीवरून पुढचं ठरत नाही. दोन महिन्यांनी बेडका तपासतील, त्याच्याशी जोडून ती बघायची. अमेरिका-कॅनडातला एक मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या फोटोत पोकळी आणि दोन महिन्यांच्या औषधानंतरही बेडक्याच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू, असं दोन्ही असलेल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकाला टीबी परत उलटला. दोन्ही नसलेल्यांत हेच प्रमाण पन्नासांत एक इतकं कमी होतं. म्हणून तिकडे दोन्ही असतील तर सहाऐवजी नऊ महिने गोळ्या देतात.

तेव्हा तो दोन महिन्यांचा बेडका चुकवू नकोस. खोकला थांबलेला असेल, काही पडत नाही असं वाटेल. तरी सकाळी उठल्याउठल्या खोल श्वास घेऊन खोकून बघ. आणि ‘कल्चरला पाठवताय का? माझा कोर्स वाढवावा लागेल का?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. दवाखान्यात आपण बायका मान डोलावून परत येतो, त्याने माझा जीव तुटतो गं.

आणि ती फिल्म जपून ठेव. माझी पहिली फिल्म एका दवाखान्यातच राहिली, ती पुन्हा मिळाली नाही. दोन वर्षांनी साध्या खोकल्यासाठी फोटो काढला तर डाग! जुना की नवा, ताडून बघायला हातात काही नव्हतं. कल्चर येईपर्यंतचे ते सहा आठवडे मी कसे काढले, माझं मला माहीत. जुना व्रणच होता तो. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की कोर्स पुरा होऊन बऱ्या झालेल्या कित्येकांच्या फुप्फुसांतही पेट स्कॅनवर दाहाच्या खुणा दिसत राहतात. म्हणून शेवटच्या फोटोत काही उरलं तर लगेच हाय खाऊ नकोस. पहिल्या फिल्मशेजारी धरायला सांग आणि बेडका काय म्हणतो ते विचार.

रविवारी येतेय मी. फिल्मचं पाकीट गादीखाली दुमडून ठेवलं असशील, तर आत्ताच काढ. कपाटात उभं ठेव, वर तारीख घाल.