जेथे दोन वाटा फुटतात
शास्त्रपाठ : लूक ९:५७-६२

बाप्तिस्मा घेतला म्हणजे निवड एकदाची झाली, असे आपणांपैकी पुष्कळांस वाटते. ह्या पाठातील तिघांस वाटेत प्रभू भेटतो आणि एकासही सोपे उत्तर देत नाही. तिसऱ्यास सांगितलेला नांगराचा दृष्टांत आपणां शेतकऱ्यांस समजावून द्यावयास नको. मागे पाहिले की तास वाकडे जाते.

रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तेव्हा जात व आप्त दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई ह्यांचा वियोगही काही वर्षे सोसावा लागला. तेच मोठे वळण, असे आपण समजतो. परंतु २२ वर्षांनी, पन्नाशी उलटल्यावर, ते पुन्हा तशाच ठिकाणी उभे राहिले. ह्या वेळी सोडावयाचे होते ते ख्रिस्ती झाल्यावरच मिळालेले : मिशनचा पगार व त्याची निश्चिंती. १९१७ साली ते त्यांनी सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. बाप्तिस्मा न झालेल्या शिष्यांसही त्यात जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते प्रभूकडे गेले. दोनच वर्षे मिळाली.

प्रत्येक उपदेशकाने पगार सोडावा, असे आमचे म्हणणे नाही, मुलेबाळे आहेत. पण लहान गावी बदली झाली की आमचे तोंड उतरते, आणि भावकीच्या तंट्यात खरी साक्ष देण्याची वेळ आली की आम्ही गप्प बसतो. आमची वाट तेथेच फुटते.

घरच्या प्रार्थनेत हा पाठ पुन्हा वाचावा. त्या तिघांनी पुढे काय केले, हे लूक सांगत नाही.