ईश्वरी प्रेरणा म्हणजे काय?



नवदीक्षित कुटुंबांना एक प्रश्न हटकून विचारला जातो : "तुमचा धर्मग्रंथ कोणता, आणि तो देवाने कोणाला सांगितला?" मुले शाळेतून हाच प्रश्न घेऊन घरी येतात. उत्तर देण्यापूर्वी, जे आपला ग्रंथ ईश्वरप्रेरित मानतात त्यांचे खरे म्हणणे समजून घेतले पाहिजे. आजच्या पाठात कॅथलिक पंथाचा विचार करू.

पुष्कळांना वाटते की, बायबल आकाशातून उतरले असे ख्रिस्ती लोक मानतात. कॅथलिक ख्रिस्तसभा तसे शिकवीत नाही. येशूने स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. शिष्यांनी प्रथम तोंडी उपदेश केला. नव्या करारातील सर्वांत जुने लेखन म्हणजे पौलाची पत्रे, ती इ. स. ५० च्या सुमाराची. शुभवर्तमाने त्यानंतरची. लूक तर आरंभीच सांगतो की, आपण सर्व गोष्टींचा नीट शोध करून लिहीत आहोत.

मग ईश्वर कोठे आला? दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी याचे विवेचन केले. तिचे म्हणणे असे : ईश्वराने माणसे निवडली. त्यांनी आपली बुद्धी, भाषा व शैली वापरून लिहिले. म्हणून ते खरे लेखक होत. परंतु पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने त्यांनी ईश्वराला हवे तेवढेच लिहिले. म्हणून ग्रंथाचा कर्ता ईश्वरही होय. तेव्हा "बायबल माणसांनी लिहिले" एवढे म्हटल्याने कॅथलिकांचे खंडन होत नाही. ते त्यांना मान्यच आहे.

खरा प्रश्न पुढे आहे. कोणता ग्रंथ प्रेरित, हे कोण ठरविणार? इ. स. ३९७ मध्ये कार्थेज येथील सभेने यादी मान्य केली. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने ती कायमची ठरविली. कॅथलिकांचे ग्रंथ ७३, तर प्रॉटेस्टंटांचे ६६. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात बायबलचीच कथा आहे. तरीही ते प्रेरित शास्त्र नव्हे, कारण ते त्या यादीत नाही. शास्त्राचा अधिकृत अर्थ सांगण्याचा हक्कही पोप व बिशप यांच्याकडे आहे. म्हणजे ग्रंथामागे परंपरा, आणि परंपरेमागे ख्रिस्तसभेचा अधिकार उभा आहे.

हा वाद निफाडला परका नाही. न्या. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ मध्ये येथेच झाला. ते ज्या प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ होते, तो समाज ईश्वर मानी. पण कोणताही ग्रंथ ईश्वराने प्रत्यक्ष सांगितलेला वा सर्वस्वी निर्दोष आहे, असे मानीत नसे. याच रानड्यांच्या १०१ व्या जयंतीस, १९४३ मध्ये, बाबासाहेबांनी पुण्यास आपले प्रसिद्ध भाषण केले.

बुद्धाने याहून पुढचे पाऊल टाकले. तथागतांनी आपण ईश्वराचे प्रेषित आहोत असा दावाच केला नाही. ते मार्गदाता होते, मोक्षदाता नव्हते. बुद्धवचनेही प्रथम मुखोद्गतच होती. राजगृहाच्या संगीतीत आनंदाने व उपालीने ती सांगितली, अशी परंपरा आहे. पण केसपुत्तच्या कालामांना बुद्धांनी बजावले की, केवळ ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले म्हणून काही स्वीकारू नका. अनुभवाने हितकर ठरेल तेच घ्या.

म्हणून मुलांना उत्तर द्यावे : "आमचा धम्म देवाने सांगितलेला नाही. तो एका माणसाने शोधला आणि आम्ही तो पारखून घेतो." हे सांगताना शेजारच्या ख्रिस्ती बांधवाच्या श्रद्धेची टिंगल करू नये. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ फडताळात ठेवून त्याला हळदकुंकू वाहू नये. तसे केले तर पारख संपली आणि पोथी तेवढी उरली.

अभ्यासासाठी प्रश्न :
१. कॅथलिक मतानुसार बायबलचे कर्ते कोण?
२. ग्रंथांची यादी कोणी ठरविली?
३. कालामांना केलेला उपदेश आपल्या घरात कोठे लागू पडतो?