दिव्यांगत्वाची टक्केवारी आणि नोकरीतील हक्क

दिव्यांग व्यक्ती शासकीय कार्यालयाची पायरी चढली की तिला बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो तो टक्केवारीचा. या प्रश्नाच्या उत्तरावर पुष्कळ काही अवलंबून असते हे खरे; परंतु सर्वच काही अवलंबून नसते. टक्केवारीची अट कोठे लागू होते आणि कोठे होत नाही, याची स्पष्ट कल्पना नसल्यामुळे काहींचे अर्ज विनाकारण परत जातात, तर काहींना नोकरीवर पाणी सोडावे लागते.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या; त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातील होत्या. त्या वेळी अमलात असलेल्या १९९५ च्या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे सात प्रकार मानले होते. दिनांक १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ही संख्या २१ झाली. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचाही समावेश आहे. विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आढळतात. त्यांच्या हाती कुबडी नसते आणि डोळ्यांवर काळा चष्माही नसतो. म्हणून दिव्यांगत्व नजरेने ठरविण्याची जुनी सवय आता सोडावयास हवी.

या अधिनियमात दोन संज्ञा आहेत व त्यांची गल्लत करू नये. एक ‘दिव्यांग व्यक्ती’. दीर्घकालीन व्यंगामुळे आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे जिला समाजजीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घेता येत नाही, ती दिव्यांग व्यक्ती होय. येथे टक्केवारीचा उल्लेख नाही. दुसरी संज्ञा ‘लक्षणीय दिव्यांगत्व’, म्हणजे वैद्यकीय प्राधिकाऱ्याने प्रमाणित केलेले किमान ४० टक्के दिव्यांगत्व. शासकीय सेवेतील ४ टक्के आरक्षण या दुसऱ्या वर्गासाठी आहे. राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठीही किमान ४० टक्क्यांची अट आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेला मात्र ८० टक्के लागतात. म्हणजे ५० टक्क्यांचा दाखला असलेला अर्जदार एका योजनेत अपात्र, तर दुसरीत उत्पन्नादी अन्य अटी पूर्ण केल्यास पात्र ठरू शकतो. त्याचे कागद नुसते परत करण्याऐवजी ही दुसरी वाट त्याला दाखविणे कर्मचाऱ्यास कठीण नाही. ग्रामपंचायतींनीही स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणावर खर्च करावयाची आहे, ही गोष्ट सदस्यांनी अंदाजपत्रकाच्या वेळी लक्षात ठेवावी.

दाखला शरीराचे मोजमाप करतो. काम करण्याची शक्ती किती गेली हे तो सांगत नाही. एका सुताराचा डावा हात अपघातात कोपराच्या वरून कापावा लागला होता. ही हानी अंशतःच आहे, असा मालकाचा युक्तिवाद होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्या कामापुरते त्याचे अपंगत्व पूर्णच मानले पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दिला. उलटपक्षी, तेवढीच हानी झालेला शिक्षक उत्तम प्रकारे वर्ग चालवू शकतो.

न्याय्य वागणुकीसाठी ४० टक्क्यांची अट लावता येत नाही, हे विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात २०२१ मध्ये स्पष्ट झाले. हाताच्या विकारामुळे लिहिणे कठीण झालेल्या उमेदवारास, लक्षणीय दिव्यांगत्व नाही या कारणास्तव, लेखनिक नाकारण्यात आला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि वाजवी सोय करून देणे हा समानतेचाच भाग आहे असे सांगितले. कार्यालयात अशी सोय फार खर्चाची असतेच असे नाही. गुडघ्यात दोष असलेल्या लिपिकाचे टेबल तळमजल्यावर आणणे, कर्णबधिर सहकाऱ्यास सूचना लेखी देणे, अंध कर्मचाऱ्याच्या संगणकात पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली बसविणे, अशा या गोष्टी आहेत.

सर्वांत अधिक अन्याय होतो तो सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्यांवर. दृष्टी गेलेल्या शिक्षकास वा पाय गमावलेल्या शिपायास सहानुभूतीच्या शब्दांत ‘आता विश्रांती घ्या’ असे सुचविले जाते आणि रुग्णता निवृत्तिवेतनाचा अर्ज पुढे ठेवला जातो. अधिनियमाचे कलम २० याच्या विरुद्ध आहे. शासकीय आस्थापनेला अशा कर्मचाऱ्यास सेवेतून कमी करता येत नाही, त्याची पदावनतीही करता येत नाही. ते काम त्याला जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर नेमावे. तसे पद रिक्त नसेल तर ते मिळेपर्यंत वा निवृत्तीच्या वयापर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, अधिसंख्य पदावर ठेवावे. १९९५ च्या अधिनियमातही हे संरक्षण होते. पाय गमावलेल्या एका जवानास रुग्णता निवृत्तिवेतन मिळाले असले तरी त्यामुळे हे संरक्षण संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कुणाल सिंह प्रकरणात म्हटले. कामाचे स्वरूप पाहून एखाद्या आस्थापनेला अधिसूचनेद्वारे सूट देण्याचा अधिकार शासनास आहे; तशी अधिसूचना नसेल तर कार्यालयप्रमुखाला स्वतःच्या अधिकारात अपवाद करता येत नाही.

प्रमाणपत्राबाबतचा निर्णय अमान्य असेल तर कलम ५९ अन्वये अपील करता येते. नोकरीतील भेदभावाची तक्रार प्रत्येक शासकीय आस्थापनेत नेमावयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी, व तेथे दाद न लागल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जावे. तक्रार लेखी द्यावी आणि पोहोच घ्यावी.