पूरग्रस्ताशी कसे वागावे?



वर्धा नदी सातपुड्यात मुलताईजवळ उगम पावते आणि आपल्या अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वाहते. ३० जुलै १९९१ रोजी याच नदीच्या पुराने पलीकडच्या नागपूर जिल्ह्यातील मोवाड गावाची दैना केली. २०४ माणसे गेली. अशा वेळी उपासकाने धावून जावे, हे शिकविण्याची गरज नाही. तेथे गेल्यावर कसे वागावे, हे मात्र शिकावे लागते.

माणसे जोडणाऱ्या चार गोष्टी तथागतांनी सांगितल्या आहेत. त्यांना संग्रहवस्तू म्हणतात : दान, प्रिय वचन, अर्थचर्या आणि समानात्मता. दान सर्वांना ठाऊक आहे. ज्वारी, चादर, भांडे, जमेल ते द्यावे.

प्रिय वचन म्हणजे नुसते गोड बोलणे नव्हे. घर वाहून गेलेल्या माणसाला "मागल्या जन्मीचे भोग" असे म्हणणे हे कठोर वचनच होय. प्रत्येक सुखदुःख पूर्वकर्माचेच फळ असते काय, असे मोलियसीवक परिव्राजकाने विचारले, तेव्हा तथागतांनी ते मत नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतूचा पालट अशी कारणे त्यांनी मोजून दाखविली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागात हजारो माणसे मेली, ती जमीन हादरून दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपेत अंगावर कोसळल्याने. यात कोणाचे पाप शोधायचे? पूर्वकर्माच्या नावाखाली समाज आणि राज्य गरिबांची जबाबदारी टाळतात, हे पूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केले आहे.

अर्थचर्या म्हणजे उपयोगी पडणे : घरातला गाळ काढणे, विहीर उपसून ब्लिचिंग पावडर टाकणे, पाणी उकळून प्यावयास सांगणे.

खरी कसोटी समानात्मतेची. २६ जानेवारी २००१ च्या गुजरात भूकंपानंतर मदतवाटपात दलितांशी भेदभाव झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. आपल्याकडेही पूर ओसरला, की मेलेली गुरे ओढण्याची वेळ येते आणि गावाची नजर सवयीने बौद्धवाड्याकडे वळते. हे काम हलके नाही. त्याने रोगराई थांबते. पण ते जातीने वाटून द्यावयाचे काम नव्हे. पथकातील प्रत्येकाची, पुढाऱ्याचीही, पाळी लावावी आणि हातमोजे सर्वांना द्यावेत. मदतीची यादी आपल्या हाती असेल, तर धर्मांतरानंतर आपल्याशी अबोला धरलेले घरही तीत असले पाहिजे. पाण्याचा टँकर आला, तर साऱ्या गावाची रांग एकच ठेवावी.