दात कशाने घासता, मावशी?

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दवाखाना सुरू केला तेव्हा केसपेपरवर मी 'व्यसन' असा एक रकाना छापून घेतला होता. समोर बाई बसली की तिथे बहुतेकदा न विचारताच 'नाही' लिहीत असे. फार तर विचारायचं, "दारू-सिगारेट काही नाही ना?" त्या पदराआड हसायच्या.

एका मावशींच्या पेपरवर हे 'नाही' तीन वर्षं होतं. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी त्या दर महिन्याला यायच्या. एकदा घसा दुखतो म्हणाल्या. "आ करा" म्हटलं, तर हिरड्या काळ्या आणि खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा. पुसून न जाणारा.

"तंबाखू खाता?"

"न्हाई ओ, मी कुठली तंबाखू खातीय! सकाळची मशेरी लावती, येवढंच."

तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना चोळायची, ती मशेरी. मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी ते दात घासणं होतं, व्यसन नव्हे. प्रश्नच चुकला होता.

त्याहून मोठी चूक मी पुढच्या पाच मिनिटांत केली. बाहेर बाकांवर वीसेक माणसं बसलेली. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मावशींना झापलं. "कॅन्सर होईल, मग रडत येऊ नका!" त्यांनी मान खाली घालून "बंद करते" म्हटलं. काम झालं, असं वाटून मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

त्या परत आल्या नाहीत. मशेरीचं राहू द्या, रक्तदाबाच्या गोळ्यांनाही आल्या नाहीत. दीड वर्षाने त्यांचा मुलगा मुंबईच्या ऑपरेशनचे कागद घेऊन आला. चट्ट्याच्या जागी जखम झाली होती आणि ती त्यांनी कित्येक महिने घरच्यांपासून लपवली होती. "दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायची, नको, डाक्टर वरडत्यात."

मी सांगितलेलं सगळं वैद्यकशास्त्राला धरून होतं. पण ते ऐकून मावशी मशेरीपासून नव्हे, माझ्या दवाखान्यापासून लांब गेल्या.

नंतर वाचत गेलो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या रुग्णांवर उपचार करतानाच्या अनुभवातून एक पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ती वाढवली. तिचं सार आपल्या भाषेत सांगायचं तर, आपण 'सोडा' म्हणून ओढू लागलो की समोरचा 'का सोडू नये' याच्या बाजूने बोलू लागतो. म्हणून सोडण्याची कारणं त्याच्याच तोंडून यायला हवीत.

दुसऱ्या एका आजींच्या वेळी ते करून पाहिलं. दार लोटलं आणि विचारलं, "दात कशाने घासता?" "मशेरीनं." मग, "तिच्यामुळे बरं काय वाटतं?" आजी चमकल्या. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. म्हणाल्या, "तिच्याबिगर पोट साफ व्हत न्हाई."

याला मी पूर्वी अडाणीपणा म्हणायचो. वास्तविक निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते आणि तंबाखू सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होऊ शकतं. आजींना ते अनुभवाने ठाऊक होतं. पुढचा प्रश्न टाकला, "सोडावी असं रुपयात किती आणे वाटतं?" "चार आणे." "मग दोनच का नाही?" त्या गप्प झाल्या. गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून म्हणाल्या, "माळ घातल्यापास्नं मटण सोडलं. ही तेवढी ऱ्हायली." कॅन्सरचा शब्दही न काढता कारण सापडलं होतं. दिवसही त्यांनीच ठरवला, आषाढी एकादशी.

दवाखान्यात, आशाताईंच्या गृहभेटीत किंवा स्वतःच्या घरातही कुणाची सवय सोडवू पाहणाऱ्यांना म्हणून सांगतो.

व्यसनाचं नाव घेऊ नका, दिवसाची विचारपूस करा. सकाळी उठल्यावर पहिलं काय, जेवल्यावर काय, काम करून थकल्यावर काय? मशेरी, तपकीर, गायछाप तिथेच सापडते.

सवय जे काम करते, त्याला पर्याय द्या. पोटासाठी रात्री इसबगोल, सकाळी कोमट पाणी, ताटात पालेभाजी. दात दुखतो म्हणून मशेरी सुरू असेल तर आधी दात दाखवा. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यापुरती बडीशेप किंवा लवंग जवळ असू द्या. पहिले तीन-चार दिवस चिडचिड जास्त होते. घरच्यांना ते आधीच सांगून ठेवा, म्हणजे सुनेवर राग निघणार नाही. समोरासमोर बोलायचा संकोच असेल तर तंबाखूमुक्तीची मोफत सरकारी हेल्पलाइन आहे, १८००-११२-३५६. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर मात्र वाट न पाहता तपासून घ्या.

कायद्यावर विसंबू नका. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते.

आणि पाय घसरला तर ओरडू नका. भाऊ गेला तेव्हा आजींनी पुन्हा मशेरी लावली. दहाव्यानंतर स्वतःच येऊन म्हणाल्या, "डाक्टर, चुकलं." मी विचारलं, "मधले तीन महिने कसं जमवलं होतं?" त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता पुन्हा दिवस ठरवला.

केसपेपर नवे छापून घेतले तेव्हा 'व्यसन' हा रकाना काढून टाकला. त्या जागी आता लिहिलेलं असतं, 'सकाळी दात कशाने घासता?' पुढची जागा कोरी आहे. ती पेशंटला विचारल्याशिवाय भरता येत नाही.