पदवी हाती, अनुभव कोठून?

नोकरीच्या जाहिरातीत 'पदवीधर हवा, अनुभव आवश्यक' अशी अट अनेकदा असते. नवख्या तरुणाला प्रश्न पडतो की, नोकरीच नाही तर अनुभव येणार कोठून? दुसरीकडे लहानपणापासून गॅरेजमध्ये राबलेला मुलगा इंजिन खोलून पुन्हा बसवतो. पण कागद नाही म्हणून कारखान्याच्या फाटकावरूनच परत फिरतो. एकाजवळ कागद आहे, हुनर नाही. दुसऱ्याजवळ हुनर आहे, कागद नाही. मालकाला मात्र दोन्ही हवे असतात.

ही कोंडी फोडण्यासाठी शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा आहे. त्यानुसार ३० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. ४ ते २९ माणसांच्या लहान धंद्यांवर सक्ती नाही. पण त्यांनाही उमेदवार घेता येतो. आय.टी.आय. झालेल्यांसाठी हा मार्ग जुनाच आहे. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवी व पदविकाधारक त्यात आले, तर २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. या काळात विद्यावेतन मिळते आणि शेवटी प्रमाणपत्र हाती येते.

उमेदवारी पत्करण्यापूर्वी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात :

१) लेखी करार झाला आहे का व तो शासनाकडे नोंदवला आहे का, हे पाहावे. नुसते 'ट्रेनी' म्हणून राबवून घेतलेले वर्ष या कायद्याखाली धरले जात नाही.

२) विद्यावेतन म्हणजे पगार नव्हे. घरखर्चाचा हिशेब आधीच करावा.

३) उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर सरसकट नसते. तेथील भरतीचे धोरण विचारून घ्यावे.

ज्यांनी उस्तादाच्या हाताखाली काम शिकले, त्यांनीही निराश होऊ नये. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतून अशा कारागिरांच्या कामाची चाचणी घेऊन त्यांना प्रमाणपत्रे देण्यात आली. आपल्या कामासाठी अशी सोय कोठे आहे, याची चौकशी जवळच्या आय.टी.आय.मध्ये करावी.

पालकांनीही विचार करावा. मुलाला दुसऱ्या पदवीला बसवण्यापूर्वी एक वर्ष नोंदणीकृत उमेदवारीला द्यावे. पदवीने मुलाखतीचे बोलावणे येईल. पण समोर यंत्र किंवा खातेवही ठेवली की हातच बोलतो.